दाराआधीचा वेळ

दिगू,

शोकसभेत मी जे वाचून दाखवलं, तो तू नव्हतास. 'मनमिळाऊ स्वभाव, पन्नाशीतही शिकण्याची जिद्द, वर्गाचा आधारस्तंभ' असं बरंच काही होतं त्यात. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या, चार ओळी लिहून आणा, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळचे. आणल्या. वर्गातली पोरं रडली. तू असतास तर मागच्या बाकावरून हळूच म्हणाला असतास, "मध्या, हा कोण गेला रे? लय चांगला माणूस दिसतोय."

म्हणून हे दुसरं लिहितोय. ते तुझ्याबद्दल आहे, आणि त्याहून जास्त त्या रविवारच्या दुपारीबद्दल. त्या दुपारचं मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी कसा आहे ते तुला माहीत आहे. मला कुणी नाव विचारलं तरी मी आधी आजूबाजूला बघतो.

पन्नाशीला आलेल्या दोन माणसांनी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सला बसायचं, ही कल्पना तुझी. आपण एकाच हॉस्पिटलात कामाला लागलो तेव्हा तू वर रिसेप्शनला होतास आणि मी तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. फाइल मागायला म्हणून तू खाली यायचास, मनसोक्त बडबड करायचास आणि फाइल न घेताच वर जायचास. पुढे तू नोकरी बदललीस, तरी फोन सुटला नाही. मग आमच्याकडे नवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आला, माझ्या थोरल्यापेक्षा लहान. त्याने पहिल्याच दिवशी मला रेकॉर्ड रूम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हे ऐकून तू पोट धरून हसलास, आणि पुढच्या शनिवारी कॉलेजचे दोन अर्ज घेऊन थेट माझ्या घरी, नाशिकरोडला. माझ्या बायकोला म्हणालास, "वहिनी, याला शाळेत घालतोय. डबा द्या."

शनिवार-रविवारचे वर्ग. बाकीचे सगळे नुकतेच बीएएमएस, बीडीएस झालेले. पहिल्या दिवशी एका मुलीने आपल्याला ऑफिसची माणसं समजून "काका, एवढं झेरॉक्स कराल का?" म्हणून कागद दिले. तू निमूट झेरॉक्स काढून आणल्यास, तिच्या हातात दिल्यास आणि तिच्याच शेजारच्या बाकावर वही उघडून बसलास. ती पोरगी शोकसभेत सगळ्यात जास्त रडली, बरं का.

मला उत्तर यायचं, पण हात वर व्हायचा नाही. मी तुझ्या कानात सांगायचो. तू उभा राहून खड्या आवाजात ते वर्गाला ऐकवायचास आणि शेवटी जोडायचास, "असं मधुकररावांचं म्हणणं आहे. मला यातलं काही कळत नाही." त्या वर्गात माझं बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं ते तुझ्या तोंडून. त्याबद्दल कधी काही म्हणायला गेलो की तू म्हणायचास, "भाषण नको, चहा सांग." म्हणून ते राहूनच गेलं. बाकीचंही तसंच राहिलं.

तिसऱ्या सेमिस्टरला ते 'खोटा पेशंट'चं काम आलं. एका मोठ्या हॉस्पिटलने परवानगी दिली होती. वरच्या साहेबांना माहीत, काउंटरवरच्यांना नाही. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने नातेवाईक, आणि दारातून आत शिरल्यापासून डॉक्टर समोर येईपर्यंत माणसाला कुठे कुठे ताटकळावं लागतं ते बघून यायचं. मॅडमनी बजावलं होतं, साधी पोटदुखी सांगा. तू पेशंट, मी नातेवाईक.

दारातून दोन पावलं आत गेलास आणि तुझा चेहरा बदलला. खांदा पडला. मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलंस आणि खोल आवाजात म्हणालास, "छातीवर कुणीतरी बसलंय हो. डावा हात जड झालाय."

मी तुझ्याकडे बघतच राहिलो. पोटदुखी कुठे गेली? तोवर व्हीलचेअर आली, सिस्टर धावल्या, काउंटरवरच्या बाई ओरडल्या, "पेशंटचे कोण? पेशंटचे कोण?" मी म्हणालो, "शेजारी." पुढच्या दारात पुन्हा तोच प्रश्न, मी म्हणालो, "भाऊ." ईसीजीच्या खोलीपाशी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे… ओळखीचा." तू डोळे मिटून खुर्चीत पडला होतास. ओठ न हलवता दातांतून म्हणालास, "अरे, एकदा ठरव की रे!"

वायरी लावून झाल्यावर तो टेक्निशियन म्हणाला, "काका, तुमचा ईसीजी माझ्यापेक्षा छान आहे." तेव्हा कुठे आपण कबुली दिली. मॅडम किती चिडल्या होत्या! चिडणारच, खऱ्या पेशंटची खुर्ची अडवली आपण. "पोटदुखी सांगितली होती ना मी? हे काय नाटक लावलंत?" आणि तू, घोटीच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं तोंडाला रंग लावलेला माणूस, मान खाली घालून म्हणालास, "मॅडम, पोटदुखीत भूमिकाच नाही हो. पोट धरायचं आणि वाकायचं. बास?"

त्या दिवसापासून ते वाक्य आपलं झालं. लेक्चर रटाळ झालं की तू बाकाखालून मला कोपर मारायचास, "मध्या, डावा हात जड झालाय." म्हणजे चल, टपरीवर. संध्याकाळी फोन यायचा, "डावा हात जड झालाय." म्हणजे आज कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय. मी अभिनयाला मार्क द्यायचो. दहापैकी चार, दहापैकी सात. एवढाच माझा विनोद. माझ्या विनोदाला हसणारा तू एकटाच होतास.

आपलं भांडण प्रबंधाच्या विषयावरून झालं, आणि ते भांडण तसंच अर्धवट ठेवून तू गेलास. तुझं म्हणणं, हॉस्पिटलची सगळी मोजमापं दारापासून सुरू होतात. दारात आल्यापासून डॉक्टरपर्यंत किती, डॉक्टरपासून औषधापर्यंत किती. तुला दाराआधीचा वेळ बघायचा होता. माणसाला त्रास सुरू होतो, तिथपासून तो घरातून निघेपर्यंतचा. घरातली माणसं त्या वेळात काय बोलतात, काय करतात.

मी म्हणालो, "ते प्रशासनात येत नाही. नोंद होते तिथून पेशंट सुरू होतो."

"आणि त्याआधी काय, तो आईच्या पोटात असतो?"

"तुला मोजता येणार नाही ते, दिगू. मी फाइली बघितल्यात. प्रत्येक फाइलमध्ये नातेवाईकांनी एकच सांगितलेलं असतं: त्रास झाला आणि लगेच आणलं. लगेच कुणीच आणत नाही. आणि हे कुणीच सांगत नाही. तुला खरं सांगणार कोण?"

तू कपातला चहा संपवलास. मग अण्णांचं सांगितलंस. तुझे वडील घोटीला भाताच्या गिरणीत कामाला. एका सकाळी पोत्यावर टेकले, मनगटाने कपाळ पुसलं, म्हणाले, हात जड झालाय. सगळे म्हणाले, गॅस असेल. तुला पळवलं सोडा आणायला. तू आणलास. तुम्ही सगळे अण्णांना सोडा पाजत बसलात, आणि सोडा अर्धाच संपला होता तेव्हा अण्णा गेले.

"आम्ही पण दवाखान्यात हेच सांगितलं," तू म्हणालास. "लगेच आणलं म्हणून."

तेव्हा मला कळलं की हॉस्पिटलात तू जे केलंस ते नाटक नव्हतं. तू अण्णा झाला होतास. हे मी त्या वेळी तुला म्हणायला हवं होतं. त्याऐवजी काय म्हणालो? म्हणालो, "वाईट झालं रे. पण विषय मान्य होणार नाही." तू स्कूटरला किक मारताना म्हणालास, "मध्या, तू तुझ्या तळघरातून बाहेर बघतच नाहीस." ती आपली शेवटची भेट. पुढचं बोलणं फोनवर झालं.

रविवार. परीक्षा तोंडावर आली होती, वर्ग बंद झाले होते. जेवून मी पुस्तक घेऊन बसलो होतो, डोळ्यांवर झापड. फोन वाजला.

"मध्या, डावा हात जड झालाय रे."

"पाच मार्क," मी म्हणालो.

"पाचच?"

"घाम कुठाय? घामाशिवाय पाचच."

तू थांबलास. "घाम आहे रे," म्हणालास.

"मग सहा. आता ठेव, मला हे स्टोअर्सचं प्रकरण आज संपवायचंय."

तू हसलास. ते हसणं मी त्यानंतर सारखं कानात उलटसुलट करून बघतोय. दमलेलं होतं? नेहमीसारखं होतं? "बरं, ठेवतो," म्हणालास, आणि ठेवलास.

मग तुझ्याच नंबरवरून पुन्हा फोन आला, पण आवाज तुझ्या शेजाऱ्यांचा होता.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा जिन्यापाशी वॉचमनने अडवलं. "पेशंटचे कोण?"

मी म्हणालो, "ओळखीचा आहे."

"मग खालीच थांबा. वर नातेवाईक आहेत."

आणि मी थांबलो, दिगू. एवढी वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या मला ठाऊक नव्हतं का, की नुसतं 'भाऊ' म्हटलं तरी वर सोडतात? पण मला वाटलं, कुठल्या तोंडाने म्हणू. भाऊ असता तर मार्क देत बसला असता का? तू गेलास हे मला खाली, चहाच्या गाडीपाशी उभं असताना कळलं.

दहाव्याला रामकुंडावरून सगळे तुझ्या घरी परतलो. घर माणसांनी गच्च भरलं होतं. सुलभावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचा शेवटचा फोन तुम्हालाच होता. काय म्हणाले?"

मी म्हणालो, "परीक्षेचंच बोललो."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या.

तुला सांगत होतो ना, खरं कोण सांगणार? बघ, मी नाही सांगितलं.

परीक्षेला बसलो. तुझा नंबर माझ्या पुढच्या बाकावर चिकटवलेला होता. सुपरवायझर आले, बाकावर टिचकी मारून मला विचारलं, "हे गैरहजर का?" मी मान हलवली. त्यांनी तुझ्या नंबरापुढे तसं लिहिलं आणि पुढे गेले. गैरहजर. जसा काही तू टपरीवर बसलायस आणि माझी वाट बघतोयस. पेपर सोपा होता. येत असलेलं सगळं मी लिहिलं, पण कानात सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे मला ते खरंच येतंय का, याची खात्री वाटेना.

आता शनिवार आला की काय करायचं ते समजत नाही. सवयीने गंगापूर रोडला जातो. टपरीवाला विचारतो, "दोन कट?" मी हो म्हणतो. दोन्ही पितो. फोन वाजला की अजूनही पहिल्यांदा तूच वाटतोस. घरात बायको आहे, मुलं आहेत, पण माझं मौन कुठे संपतं आणि बोलणं कुठे सुरू होतं, ते तुला कळायचं. त्यांना मी फक्त गप्प दिसतो.

मग परवा वहिनींचा फोन आला. तुझ्या केसपेपरच्या प्रती काढायच्या होत्या. "तुमचंच खातं आहे, भाऊजी, चला माझ्याबरोबर." गेलो. टोकन घेतलं आणि बाकावर बसलो. समोर काउंटर, वर आकडे बदलणारी पाटी. शेजारच्या बाकावर हरसूलकडची माणसं बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. त्यांच्यातली म्हातारी शेजारणीला सांगत होती, "आमी तं लगेच आनला पोराला. जरा बी थांबलो नाय."

ते ऐकलं आणि माझा बांध फुटला.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. परीक्षेचं काही नव्हतं. तो म्हणाला होता, हात जड झालाय. मला वाटलं, नेहमीचं. मी मार्क दिले."

वहिनी पाटीकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "सहा."

मला समजलं नाही.

"आधी पाच दिलेत, मग घामाचा एक वाढवलात. फोन छातीवर ठेवून पडले होते ते, स्पीकर चालू. मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते."

 वहिनी थांबल्या नाहीत. बहुतेक त्यांनाही थांबता येत नव्हतं.

"फोन ठेवल्यावर मला म्हणाले, बघ, मध्या किती चिकट आहे. मी म्हटलं, मी असते तर तीनच दिले असते. हसले ते. मीही हसले, भाऊजी. मग म्हणाले, सुलभा, घरात सोडा आहे का?"

मी म्हणालो, "वहिनी, अण्णांचं…"

"माहीत होतं मला. लग्न झाल्यापासून ऐकतेय. तरी पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेलेच ना. दुकानात गर्दी होती. उभी राहिले. पुढच्या बाईशी गप्पा मारत उभी राहिले."

पाटीवरचा आकडा बदलला. आमचा नव्हता.

"तुम्हाला त्या दिवशी मुद्दाम विचारलं," त्या म्हणाल्या. "वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही सांगितलं असतंत तर मलाही सांगता आलं असतं. एवढं घर भरलं होतं, आणि कुणाशी बोलू ते कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, परीक्षेचंच. मग मीही सगळ्यांना सांगितलं, काहीच त्रास नव्हता हो, अचानकच झालं."

दिगू, मला वाटत होतं मी माझी चूक पोटात ठेवून वहिनींना जपतोय. मी त्यांना त्या घरात एकटं सोडलं होतं. तुला एकदा एकटं सोडलं, ते नकळत. हे कळून सवरून.

 त्यांनी पदराने डोळे पुसले, मी रुमाल काढला आणि तसाच हातात धरला. मी त्यांना विचारलं, "सोडा मागितला तेव्हा तो अण्णांचं नाटक करत होता, की खरंच सांगत होता?"

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. "मी रोज त्यांना विचारते."

मला वाटतं, दोन्ही. तू जगाला हसवत फिरायचास, पण स्वतःचं काही दुखलं तर तुला ते सरळ सांगता यायचं नाही. भूमिका लागायची. मी गप्प बसून लपायचो, तू बोलून लपायचास. इतकी वर्षं आपण शेजारी शेजारी बसलो आणि मला हे आता, तू नसताना दिसतंय. तुझा विषय मोजता येणार नाही, असं मी अजूनही म्हणेन. पण तो वेळ असतो. मी त्यात होतो. वहिनी होत्या. आणि तू आमच्या दोघांच्या मधे पडून होतास, दाराच्या अलीकडे.

आमचा नंबर आला. वहिनींना उठवेना. म्हणून कागदपत्रांची पिशवी घेऊन मीच खिडकीशी गेलो. मी अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलंय. नातं सांगता न येणारी किती माणसं परत पाठवलीत, आणि नावात एक वेलांटी चुकली तरी लाल पेनने दुरुस्त केलीय.

आतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंटचे कोण?"

पत्नी आल्यात, त्या तिकडे बसल्यात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तेच बरोबर होतं.

"भाऊ," मी म्हणालो.

"सख्खे?"

"हो."

"नाव सांगा." मी सांगितलं. तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं, पिशवीतले तुझे कागद बघितले, मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "काका, आडनाव वेगळं आहे."

सवयीप्रमाणे मी आजूबाजूला बघू लागलो. मागून वहिनींचा आवाज आला. त्या कधी उठून आल्या, मला कळलं नव्हतं.

"असू दे वेगळं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा. भाऊच आहेत ते."

मुलीने लिहिलं. मी काचेतून उलटं वाचलं. माझ्या नावापुढे 'भाऊ', आणि त्यावर हॉस्पिटलचा शिक्का.

ठरवलं रे एकदाचं. नोंद चुकीची आहे, आणि मी ती दुरुस्त करणार नाही.